काळी खडी, पांढरी खडी

एरवी ह्या सदरात मी दर आठवड्याला दीड रकाना घेऊन आपल्या भेटीस येतो. दिवाळी अंकात संपादकमहाशय हात थोडा सैल सोडतात, म्हणून यंदा जरा ऐसपैस बसून एक घरची हकिकत सांगणार आहे. हकिकत गेल्या दिवाळीची आहे. तीत दोन इंच उंचीची खडी आहे, दीड इंच लांबीचे मासे आहेत, आणि आमच्या घरात तीन दिवस टिकलेला अबोला आहे.

आमच्या दिवाणखान्यात दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी माशांची काचेची पेटी आहे. पेटीचा मालक म्हणजे माझा नातू, वय वर्षे नऊ. तिच्यात बारा झेब्रा मासे आणि चार रोझी बार्ब. नावे विलायती असली तरी दोन्ही जाती अस्सल आपल्या देशातल्या. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या शल्यवैद्याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर एक ग्रंथ लिहिला. 1822 साली निघालेल्या त्या ग्रंथात ह्या दोघांची पहिली शास्त्रीय नोंद आहे. पेटीच्या तळाशी आम्ही काळ्या दगडाची बारीक खडी घातली होती. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला काळ्या दगडाची काय वाण! अर्धा महाराष्ट्र त्याच्यावरच उभा आहे. त्या खडीवर झेब्र्यांचे निळे-काळे पट्टे असे उठून दिसत की आलेला पाहुणा चहा निवेपर्यंत पेटीसमोरून हलत नसे.

दिवाळीच्या आधी घराला रंग काढला. भिंती मोतिया झाल्या, पडदे बदलले, आणि त्या सगळ्या उजेडात ती काळी खडी सूनबाईंना खुपू लागली. एका दुकानातून त्यांनी पांढऱ्याशुभ्र संगमरवरी खड्यांच्या पिशव्या आणल्या. दुकानदाराने सांगितले, “ह्याच्यावर मासे जास्त उठून दिसतात.” शनिवारी मासे बादलीत, काळी खडी बाहेर, पांढरी आत असा कार्यक्रम झाला. टाकाऊ काहीच नसते ह्या तत्त्वाच्या आमच्या सौभाग्यवतींनी काळी खडी कोथिंबिरीच्या आणि तुळशीच्या कुंड्यांच्या तळाशी घालून टाकली.

संध्याकाळी नातू खेळून आला, पेटीपाशी गेला आणि ओरडला, “आजोबा, मासे धुतले गेले!”

मुलाने शब्द अगदी चपखल वापरला होता. निळे-काळे पट्टे राखाडी झाले होते. बार्बांच्या अंगावरची तांबूस झाक उतरून ते पितळेच्या जुन्या बटणांसारखे दिसत होते. सूनबाई म्हणाल्या, “घाबरले असतील, उद्या येतील रंगावर.” दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला, रंग आला नाही. नातू आईशी बोलेना. “आईनं मासे आजारी पाडले,” एवढे एकच वाक्य तो आजीपाशी जाऊन म्हणे. आणि सूनबाई, ज्यांनी चार तास खपून पेटी स्वच्छ केली होती, त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बाबा, तुम्ही एवढं विज्ञानावर लिहिता. खडीनं कधी रंग जातो का, सांगा बघू ह्याला.”

आता आली का पंचाईत? कारण खडीने रंग जातो. पण मासा आजारी पडून नव्हे.

वाचकहो, आपला रंग आणि माशाचा रंग ह्यांत एक मोठा भेद आहे. आपण उन्हात काळवंडतो त्याला दिवस लागतात आणि पुन्हा उजळायला महिने. माशाच्या कातडीत मात्र रंगाच्या खास पेशी असतात. काळ्या रंगाच्या, पिवळ्या, तांबड्या, आणि चौथ्या चकाकणाऱ्या, ज्यांत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे चपटे स्फटिक आरशाच्या तुकड्यांसारखे रचलेले असतात. काळी रंगपेशी पुष्कळ फांद्या फुटलेल्या चांदणीसारखी असते. तिच्यातले रंगाचे कण सूक्ष्म तंतूंच्या वाटांवरून ये-जा करू शकतात. कण सगळ्या फांद्यांत पसरले की मासा गडद दिसतो. तेच कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले की फांद्या रिकाम्या राहतात आणि मासा फिका पडतो. अंगणात रांगोळी पसरावी आणि पुन्हा डबीत भरावी, तसे. रांगोळी तेवढीच असते, फक्त कधी अंगणात, कधी डबीत.

ही डबी उघडायची की मिटायची, हे ठरवते कोण? तर माशाचे डोळे. 1870 च्या सुमारास झॉर्ज पूशे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने चपट्या समुद्रमाशांवर प्रयोग केले. डोळस मासा वाळूच्या रंगाप्रमाणे आपला रंग बदलत असे. डोळे गेलेला मासा बदलत नसे. म्हणजे रंग बदलतो कातडीचा, पण खाली काय पसरले आहे ते डोळा पाहतो, आणि मेंदू तिथून मज्जातंतूंमार्फत कातडीला आज्ञा देतो. 1911 साली फ्रान्सिस समनर ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने नेपल्सच्या सागरी केंद्रातल्या कामावर निबंध प्रसिद्ध केला. त्याने चपट्या माशांना बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांवर, ठिपक्यांवर ठेवून पाहिले. मासे नुसते गडद-फिके झाले नाहीत, तर तळाची नक्षी भरड की बारीक ह्याप्रमाणे अंगावरच्या डागांचा मेळही बदलला. आपल्या झेब्र्याच्या अंगी एवढी कला नाही. तो आपला गडद होणे आणि फिका होणे एवढेच जाणतो.

ह्यात एक बारकावा फार मौजेचा आहे. खोलीत दिवा मोठा केला की मासा फिका पडेल, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. मासा वरून येणारा उजेड आणि तळावरून परत फिरणारा उजेड ह्यांची तुलना करतो. काळी खडी दिवा मोठा असो की लहान, आलेला उजेड गिळून टाकते. पांढरी खडी तो परतवते. त्यामुळे भर दिव्याखालीही काळ्या खडीवरचा मासा गडदच राहतो. रात्री दिवा गेला की मात्र बहुतेक मासे फिके पडतात. तेव्हा पहाटे उठून दिवा लावल्या लावल्या “रंग गेला” म्हणून घाबरू नये. अर्धा-पाऊण तास थांबावे.

आज्ञा पोचवण्याच्या वाटाही दोन. एक मज्जातंतूंची; ही जलद, मिनिटांचे काम. दुसरी रक्तातून जाणाऱ्या संप्रेरकांची. मेंदूच्या तळाशी जी पीयूष ग्रंथी असते तिच्यातून एक संप्रेरक रंगाचे कण पसरवते, तर दुसरे ते गोळा करते. हे दुसरे 1983 साली जपानी संशोधकांनी साल्मन माशाच्या पीयूष ग्रंथीतून वेगळे काढले. पांढऱ्या तळावर राहणाऱ्या माशात ते अधिक तयार होते. आणि हीच स्थिती आठवडेच्या आठवडे टिकली तर कण गोळा होण्यावर भागत नाही, काळ्या पेशींची संख्याच घटते. उलट काळ्या तळावर ती वाढते. पहिला बदल कपडे बदलण्यासारखा, दुसरा अंगकाठी बदलण्यासारखा. म्हणून बरेच दिवस पांढऱ्यावर राहिलेला मासा काळ्या खडीवर आणला, तर थोडा रंग तासाभरात येतो आणि उरलेला पुढच्या काही आठवड्यांत.

ही सगळी खटपट मासा कशासाठी करतो? आपल्या दिवाणखान्याच्या शोभेसाठी खचित नव्हे. ह्याच समनरने 1934 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गंबुसिया नावाचे लहान मासे त्याने काही आठवडे काळ्या आणि पांढऱ्या टाक्यांत ठेवले, आणि मग दोन्ही प्रकारचे मासे एकत्र करून पेंग्विनांपुढे सोडले. फिक्या टाकीत गडद मासे जास्त खाल्ले गेले, काळ्या टाकीत फिके. हा गंबुसिया आपल्या ओळखीचा आहे बरे का! डासांच्या अळ्या खातो म्हणून 1928 साली तो हिंदुस्थानात आणला गेला आणि हिवतापाशी लढण्यासाठी ठिकठिकाणच्या तळ्यांत सोडला गेला. तात्पर्य काय, की तळाशी मिळतेजुळते होणे हा माशाच्या जिवाचा प्रश्न आहे. आमचे मासे आजारी नव्हते. पांढऱ्या खड्यांवर बगळ्याला दिसू नये एवढीच त्यांची इच्छा होती. आमच्या दिवाणखान्यात बगळा नाही, हे त्यांना कोणी सांगावे?

हे सगळे मी मायलेकांना समोरासमोर बसवून सांगितले. नातवाने एकच विचारले, “म्हणजे त्यांना दुखत नाही ना?” दुखत नाही, मी म्हटले. फिका म्हणजे रोगी, असे मुळीच नाही. जपानात एका जातीचे चपटे मासे पांढऱ्या टाक्यांत ठेवले तेव्हा ते जास्त खाऊन जास्त वाढले असेही दिसले आहे. तीन दिवसांचा अबोला सुटला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरात शांतता नांदू लागली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

“आजोबा, मग हा एक का नाही फिका झाला?” नातवाने बोट दाखवले. बारा झेब्र्यांपैकी अकरा राखाडी होते आणि एक पहिल्यासारखाच, काजळ घातल्यासारखा गडद. नातवाला त्याचा कोण अभिमान! “हा शूर आहे. हा बगळ्याला घाबरत नाही.” पाहुण्यांनाही तो तेच सांगू लागला. फराळाला आलेली मंडळी कौतुकाने त्या शूरवीराकडे पाहत, आणि सूनबाई म्हणत, “बघा, एक तरी मासा माझ्या बाजूचा निघाला.”

मी हसलो खरा, पण घास घशाखाली उतरेना. पूशेचा प्रयोग मीच सांगितला होता ना? प्रयोगशाळांतून आज ह्याच झेब्रा माशाची लाखो पिल्ले वाढवतात. त्यांच्यात आंधळी कोणती हे ओळखायची एक सोपी रीत आहे. फिक्या तळावर ठेवून उजेडात पाहायचे. डोळस पिल्ले फिकी पडतात. जे गडद राहते, त्याला तळ दिसत नसण्याची शक्यता मोठी.

रात्री सगळे निजल्यावर मी चष्मा आणि विजेरी घेऊन पेटीशी बसलो. त्या माशाचा एक डोळा पांढुरका झालेला होता आणि दुसरा आत ओढल्यासारखा. मी जाळी हळूच पाण्यात धरली. अकरा जण बाणासारखे सुटले. तो मात्र जाळी अंगाला लागेपर्यंत जागेवरच होता. आणि मग आणखी एक गोष्ट दिसली, जी काळ्या खडीवर कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्याचे पोट खपाटीला गेले होते. खाणे पाण्यावर टाकले की बाकीचे मिनिटभरात फडशा पाडत; हा वासाने शोधत शोधत येई तोवर वर काही उरत नसे. तळाशी पडेल ते कसेबसे वेचून तो जगत होता. किती महिने, देव जाणे. काळ्या खडीवर सगळेच गडद. त्या बाराजणांत हा एक वेगळा आहे हे आम्हाला दिसायला पांढरी खडी यावी लागली.

सकाळी नातवाला सांगावे की न सांगावे? सौभाग्यवती म्हणाल्या, “सण आहे, राहू द्या.” पण मुलाला खरे सांगायचे ही आमच्या घरची रीत, शिवाय मासा त्याचा. अभ्यंगस्नान झाल्यावर त्याला पेटीशी घेऊन बसलो. सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तो शूर नव्हता. त्याला बगळा दिसतच नव्हता.” आणि थोड्या वेळाने, “मग त्याला जेवायला कसं बोलवायचं?”

वाचकहो, मुले प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर अर्धे त्यातच असते. बोलवायचे! मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणारे आणि 1973 साली नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झालेले कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी तरुणपणी माशांवर फार काम केले. मासे बहिरे असतात असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. फ्रिशनी एका डोळे नसलेल्या मिशीवाल्या माशाला खाणे देताना रोज शीळ घालायला सुरुवात केली. काही दिवसांनी मासा नुसत्या शिळेसरशी आपल्या नळकांड्यातून बाहेर येऊ लागला. 1923 साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. मिशीवाले मासे, रोहू-कटल्याचे गोत, आमचे झेब्रे, ह्या सगळ्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. पाण्यातला आवाज त्या पिशवीला थरथरवतो आणि साखळी तो कानाशी पोचवते. म्हणून ह्या मंडळींचे कान तिखट.

भाऊबीजेपासून आमचा प्रयोग सुरू झाला. काचेवर ठोकायचे नाही, त्याने मासे बिथरतात. पेटीच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर नखाने तीन वेळा हलकेच टिचकी, आणि लगेच त्या कोपऱ्यात चिमूटभर खाणे. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला बाकीच्यांचे ताट वाढायचे, म्हणजे गर्दी तिकडे राहते. पहिल्या आठवड्यात काही झाले नाही. दुसऱ्या आठवड्यात तो टिचकीसरशी थबकू लागला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी नातवाने टिचकी वाजवली आणि तो काजळासारखा मासा सरळ वर, डाव्या कोपऱ्यात, तोंड उघडून हजर! सूनबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन हे पाहिले आणि पदराने डोळे पुसले. कांदा चिरत होत्या असे त्या म्हणतात.

आता ज्यांच्या घरी पेटी आहे किंवा यंदा घ्यायची आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली: रंग खुलवायचा तर तळ गडद हवा, आणि पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला तर आणखी उत्तम. दोन फुटी पेटीला दोन इंच थरासाठी बारा-चौदा किलो खडी लागते. काळा दगड चालतो, पण धारदार कपची नको. तळाशी तोंड घालणाऱ्या माशांच्या मिशा तिने झिजतात. बोटांत चोळून टोचत नाही ती घ्यावी आणि पाणी निवळ येईपर्यंत धुवावी.

दुसरी: कोणतीही खडी पेटीत घालण्यापूर्वी तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. संगमरवर, शंख-शिंपल्यांची वाळू, पोवळ्याचे तुकडे ह्यांचा चुना पाण्यात हळूहळू उतरून पाणी जड आणि अल्कधर्मी होते. काही माशांना ते चालते, पुष्कळांना सोसत नाही. आमचे संगमरवरी खडे ह्या परीक्षेत चांगलेच फसफसले. काळ्या दगडातही पांढऱ्या शिरा असतील तर त्यांची परीक्षा घ्यावी. रंग दिलेली निळी-गुलाबी खडी असेल तर ती आठवडाभर पाण्यात भिजवून रंग सुटत नाही ना ते पाहावे. सगळ्यांत बरे म्हणजे ती घेऊच नये.

तिसरी: तांबडा आणि नारिंगी रंग नुसत्या खडीने येत नाही. त्यांतले पुष्कळसे रंगद्रव्य गाजरातल्या रंगाच्या जातीचे असते, आणि ते मासा स्वतः तयार करू शकत नाही. शेवाळ, बारीक कोळंबीवर्गीय किडे असल्या खाण्यातूनच ते मिळते. काळी खडी ही पार्श्वभूमी झाली. गाणे खाण्यातून यायचे. आणि खडी न बदलताही मासा एकाएकी फिका पडला, पंख मिटून कोपऱ्यात बसला, तर भीती, घाण पाणी किंवा आजार ह्यांचा संशय घ्यावा.

चौथी, सुटीतल्या मुलांसाठी: खडी न बदलता हे सारे पाहता येते. काचेच्या दोन सारख्या भांड्यांत पेटीतलेच पाणी घेऊन एकेक झेब्रा सोडावा. एक भांडे काळ्या कापडावर ठेवून बाजूंनीही काळे कापड गुंडाळावे, दुसऱ्याला तसेच पांढरे. उजेड दोघांना वरून सारखा. अर्ध्या तासाने कापड बाजूला करून दोघे शेजारी शेजारी पाहावे, की लगेच मासे घरी. ह्याहून जास्त वेळ त्यांना पाहुणचार नको.

काळी खडी आम्ही कुंड्यांतून काढली, धुतली आणि पुन्हा पेटीत घातली. कोथिंबीर त्या धक्क्याने गेली, ह्याबद्दल सौभाग्यवती अजून माझ्यावर नाराज आहेत. पांढरे खडे तुळशीभोवती छान दिसतात. अकरा मासे महिन्याभरात पहिल्यासारखे गडद झाले आणि आता त्या बारांत तो कोणता हे पाहुण्याला सांगता येत नाही. नातवाला सांगता येते. शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी तो झाकणावर तीन टिचक्या वाजवतो.

यंदाही घराची साफसफाई झाली. पेटीला फक्त बाहेरून फडके मारले. सूनबाईंनी स्वतःच बजावले होते, “आतल्या खडीला कोणी हात लावायचा नाही.”

आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.